थर्मोस्टॅटचा पडदा वारंवार काळा पडत असेल तर: २४ व्होल्टचा पुरवठा कोठे तुटतो ते कसे शोधावे

लक्षणे

अमेरिकेतील घरांत, विशेषतः जुना थर्मोस्टॅट काढून वाय-फायचा नवा बसवलेल्या घरांत, एकच बिघाड वेगवेगळ्या रूपांनी समोर येतो. सर्वांत ठळक रूप म्हणजे काळा पडलेला पडदा. थर्मोस्टॅट काही दिवस किंवा काही आठवडे सुरळीत चालतो आणि मग एके सकाळी घर गार पडलेले असते, पडद्यावर काहीच उमटत नाही आणि बटण दाबूनही प्रतिसाद मिळत नाही. दुसऱ्या रूपात पडदा दिसतो, परंतु बॅटरी उतरल्याची सूचना पुन्हा पुन्हा येते, वाय-फाय सुटते आणि फोनवरच्या ॲपमध्ये उपकरण ‘ऑफलाइन’ दिसते. तिसऱ्या रूपात थर्मोस्टॅट चालू असल्यासारखा वाटतो, मात्र फर्नेसजवळ, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राजवळ, उभे राहिल्यास आतून रिलेची (विजेवर चालणाऱ्या लहान स्विचची) टकटक ऐकू येते, पंखा सुरू होऊन लगेच थांबतो आणि घर तापतही नाही, गारही होत नाही.

बिघाड कोणत्या वेळी होतो, हेदेखील लक्षणच मानावे, कारण कारणाचा अर्धा शोध तेथेच लागतो. नवा थर्मोस्टॅट बसवल्याबरोबर पडदा उजळलाच नाही, तर बहुधा बसवताना फ्यूज उडालेला असतो किंवा फर्नेसचे दार नीट लागलेले नसते. काही आठवडे चालून मग बॅटरी उतरत असेल, तर ‘सी’ तार, म्हणजे थर्मोस्टॅटला सतत वीज मिळू देणारी परतीची तार, जोडलेली नाही असा संशय घ्यावा. दमट उन्हाळ्यात एसी बराच वेळ चालल्यावर पडदा काळा पडत असेल, तर पाण्याचा निचरा तुंबला आहे का ते पाहावे. थंडीत फर्नेस चांगला तापल्यावर थर्मोस्टॅट बंद पडून काही मिनिटांनी आपोआप परत येत असेल, तर फर्नेस मर्यादेपेक्षा अधिक तापत आहे. अंगणातले गवत कापल्यानंतर किंवा जोराच्या पावसानंतर बिघाड सुरू झाला असेल, तर एसीच्या बाहेरच्या युनिटकडे जाणारी तार तुटलेली किंवा सोललेली असण्याची शक्यता मोठी असते.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे आणि ती आरंभीच स्पष्ट सांगतो: बहुतेक वेळा थर्मोस्टॅट बिघडलेला नसतो, त्याला मिळणारी वीज कोठेतरी तुटलेली असते. मराठी कुटुंबांच्या घरी हा बिघाड मी वारंवार दुरुस्त केला आहे, आणि त्यांपैकी अनेकांनी मला बोलावण्यापूर्वी दुसरा नवा थर्मोस्टॅट विकत आणलेला असतो. तो बसवल्यावर त्याचाही पडदा काळाच राहतो.

वीज येते कोठून

भारतात ज्याच्या हाती स्प्लिट एसी आणि त्याचा रिमोट एवढेच आले आहे, त्याला भिंतीवरचा थर्मोस्टॅट हेच यंत्र वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात येथील मध्यवर्ती व्यवस्थेत थर्मोस्टॅट हा केवळ स्विचांचा संच असतो. बेसमेंट, ॲटिक किंवा एखाद्या कपाटात असलेल्या फर्नेसमध्ये किंवा एअर हँडलरमध्ये (घरभर हवा फिरवणाऱ्या आतल्या यंत्रात) एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो, जो घरातील १२० व्होल्टचे (काही एअर हँडलरांत २४० व्होल्टचे) २४ व्होल्ट करतो. घरगुती यंत्रांत त्याची क्षमता सामान्यतः ४० व्होल्ट-अँपिअर असते, म्हणजे २४ व्होल्टला दीड अँपिअरच्या थोडा वर प्रवाह. या ट्रान्सफॉर्मरची एक बाजू ‘आर’ या नावाने भिंतीपर्यंत येते. थर्मोस्टॅट ‘आर’ला ‘डब्ल्यू’शी जोडतो तेव्हा उष्णता सुरू होते, ‘वाय’शी जोडतो तेव्हा बाहेरचा कॉम्प्रेसर सुरू होतो आणि ‘जी’शी जोडतो तेव्हा पंखा सुरू होतो. ट्रान्सफॉर्मरची दुसरी, परतीची बाजू म्हणजे ‘सी’.

जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागतच नव्हती. हनीवेल कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेला गोल थर्मोस्टॅट द्विधातूच्या पट्टीवर आणि पाऱ्याच्या लहान काचनळीवर चालत असे. पट्टी वळली की नळी कलते, पारा सरकतो आणि दोन तारा जोडल्या जातात. त्यामुळे त्या काळी बांधलेल्या घरांत केवळ उष्णतेसाठी दोन तारा, आणि एसी असल्यास चार तारा भिंतीत ओढल्या गेल्या. परतीची ‘सी’ तार वरपर्यंत आणण्याचे कोणालाच कारण नव्हते. २०११ मध्ये नेस्ट हा वाय-फायचा थर्मोस्टॅट बाजारात आला आणि त्यानंतर वाय-फायचे थर्मोस्टॅट घरोघरी गेले. त्यांना चोवीस तास थोडी वीज हवी असते. ‘सी’ नसेल तर त्यांपैकी काही ती ‘वाय’ किंवा ‘डब्ल्यू’च्या तारेतून, समोरच्या रिलेच्या वेटोळ्यामार्फत, थोडी थोडी उचलतात. काही यंत्रांत हे वर्षानुवर्षे निभते, काहींत मात्र मिळणारा प्रवाह अपुरा पडून बॅटरी उतरते, आणि काहींत त्या चोरट्या प्रवाहानेच रिले अर्धवट ओढला जाऊन टकटक करू लागतो.

हिवाळ्यात हे दुर्लक्षित करू नये, असे मी कळकळीने सांगतो. डिसेंबर-जानेवारीत अनेक कुटुंबे तीन-चार आठवड्यांसाठी पुण्या-मुंबईला जातात आणि थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवून घर बंद करतात. त्या काळात पडदा काळा पडला तर उष्णता पूर्ण थांबते, बाहेरच्या भिंतींतील पाण्याच्या नळ्या गोठून फुटू शकतात आणि पाणी घरभर पसरते. ज्या थर्मोस्टॅटने एकदा जरी असे लक्षण दाखवले आहे, त्याचे मूळ कारण सापडल्याशिवाय त्याच्या भरवशावर घर सोडून जाऊ नये. जावेच लागले तर पाण्याचा मुख्य नळ बंद करून, आतले नळ उघडून नळ्यांतील पाणी काढून टाकावे आणि शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

प्रथम बॅटरी. काही थर्मोस्टॅटांत ‘डबल ए’ किंवा ‘ट्रिपल ए’ मापाच्या बॅटऱ्या असतात. त्या काढून नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घालाव्यात. पुनर्भारित होणाऱ्या बॅटऱ्या १.२ व्होल्टच्या असल्याने थर्मोस्टॅट त्यांना लवकरच क्षीण समजतो, म्हणून त्या येथे टाळाव्यात. ज्यांत आतच लिथियमची बॅटरी असते, अशा काही थर्मोस्टॅटांना मागे यूएसबीचे छिद्र असते आणि ते भिंतीवरून ओढून काढून फोनच्या चार्जरवर तास-दोन तास लावता येतात. चार्ज केल्यावर ते पुन्हा चालू झाले आणि काही दिवसांनी परत उतरले, तर उपकरण शाबूत आहे आणि भिंतीकडून वीज येत नाही, हे जवळजवळ सिद्धच होते. म्हणून हा तात्पुरता उपाय असला तरी निदान म्हणून फार मोलाचा आहे.

त्यानंतर फर्नेसचा स्विच पाहावा. येथील फर्नेसच्या अंगावर किंवा शेजारच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखेच दिसणारे एक बटण असते. ईशान्येकडील राज्यांतील तेलावर किंवा बॉयलरवर चालणाऱ्या घरांत तेच बटण लाल पट्टीवर, बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या टोकाला बसवलेले असते. घरी आलेले आई-वडील किंवा पाहुणे बेसमेंटचा दिवा समजून ते बंद करतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. हे पाहून झाल्यावर ब्रेकरची पेटी उघडून फर्नेस आणि एसी या दोन्ही नावांचे ब्रेकर पाहावेत. उडालेला ब्रेकर पूर्णपणे बंदकडे ढकलून मग चालूकडे आणावा लागतो. एकदा लावून तो पुन्हा उडाला, तर परत लावू नये. ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे.

फर्नेसच्या पंख्याच्या दारामागे एक दाबस्विच असतो. दार निघाले की तो सुटतो आणि २४ व्होल्टसह सर्व वीज बंद होते. फिल्टर बदलल्यानंतर दार थोडे वाकडे बसले, तर बाहेरून ते लागलेले दिसते, परंतु आतला स्विच दाबला जात नाही. दार उचलून खालच्या खाचेत बसवावे आणि हाताने घट्ट दाबावे. फिल्टर बदलल्याच्याच दिवशी थर्मोस्टॅट बंद पडला असेल, तर आणखी काही शोधण्यापूर्वी हेच करावे.

फिल्टरही याच वेळी पाहावा. धुळीने भरलेल्या फिल्टरमुळे फर्नेसमधून हवा कमी वाहते, आतला भाग अतितप्त होतो आणि संरक्षक मर्यादा-स्विच वीज तोडतो. बऱ्याच यंत्रांत याने फक्त आग बंद होते आणि पंखा चालू राहतो, पण काहींत थर्मोस्टॅटकडे जाणारी वीजही त्याबरोबर जाते आणि यंत्र निवल्यावर परत येते. एक इंच जाडीचा फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलावा. आपल्या घरांत रोजच्या फोडणीमुळे तेलकट वाफ हवेत असते, त्यामुळे मी तीन महिने थांबण्याचा सल्ला देत नाही.

निचरा आणि फ्लोट स्विच

उन्हाळ्यातील तक्रारींत हे कारण मला इतक्या वेळा सापडले आहे की त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. एसीच्या थंड वेटोळ्यावर हवेतील दमटपणाचे पाणी होते आणि ते एका पांढऱ्या प्लॅस्टिक नळीतून बाहेर किंवा बेसमेंटमधल्या मोरीत जाते. या नळीत शेवाळ आणि चिकट गाळ साठून ती तुंबते. पाणी वर चढून छतात किंवा जमिनीवर सांडू नये म्हणून तेथे फ्लोट स्विच बसवलेला असतो. पाणी वाढले की तरंगणारा भाग वर येतो आणि तार तोडतो. अनेक बसवणारे हा स्विच ‘आर’च्या तारेत बसवतात. तसे असेल तर पाणी वाढताच थर्मोस्टॅटचा पुरवठाच संपतो आणि पडदा काळा होतो. घरमालक थर्मोस्टॅटकडे पाहत राहतो आणि दोष मात्र नळीत असतो. ज्यांच्या घरी पांढऱ्या प्लॅस्टिक नळीतून धूर बाहेर जाणारा उच्च कार्यक्षमतेचा फर्नेस आहे, त्यांच्याकडे हे हिवाळ्यातही होते, कारण तो फर्नेसही पाणी तयार करतो आणि बाहेर उघडी असलेली निचऱ्याची नळी थंडीत गोठू शकते.

एअर हँडलरखालच्या परातीत पाणी आहे का आणि फ्लोट स्विचचे भांडे भरले आहे का, ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. भरले असेल तर यंत्र बंद करून नळीच्या बाहेरच्या टोकाला पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावावा, जोडाभोवती ओले फडके गुंडाळावे आणि दोन-तीन मिनिटे ओढू द्यावे. गाळ निघाल्यावर वरच्या तोंडातून कपभर पांढरे व्हिनेगर ओतावे. पाणी खाली जाताच फ्लोट खाली बसतो आणि पडदा आपोआप उजळतो. फ्लोट स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून तो निकामी करण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये, कारण पुढच्या वेळी ॲटिकमधले पाणी थेट छतातून खोलीत उतरेल. नळी स्वच्छ करूनही थोड्याच दिवसांत पाणी परत साठले किंवा वेटोळ्यावर बर्फ दिसला, आणि फिल्टर मात्र स्वच्छ असेल, तर शीतक वायू कमी झालेला असू शकतो. अमेरिकेत शीतक वायू हाताळण्यासाठी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या कलम ६०८ खालील प्रमाणपत्र कायद्याने लागते, म्हणून येथे तंत्रज्ञच हवा.

थर्मोस्टॅटच्या मागच्या तारा

भिंतीवरचा थर्मोस्टॅट काढण्यापूर्वी फर्नेसचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करावेत. २४ व्होल्टचा झटका सहसा जाणवतही नाही, म्हणून लोक ही पायरी गाळतात. परंतु चालू स्थितीत ‘आर’ची तार निसटून ‘सी’ला क्षणभर जरी टेकली, तरी फर्नेसमधील फ्यूज उडतो. बसवल्याबरोबर न उजळणाऱ्या थर्मोस्टॅटांच्या मागे बहुधा हेच घडलेले असते.

थर्मोस्टॅट निघाल्यावर सर्वांत आधी तारांची जाडी पाहावी. पेन्सिलीतल्या शिशापेक्षाही बारीक, रंगीत आणि संख्येने दोन ते आठ अशा तारा असतील, तर त्या २४ व्होल्टच्या आहेत. जाड, काळ्या-लाल-पांढऱ्या तारा फिरवून बसवायच्या प्लॅस्टिक टोपणांनी जोडलेल्या दिसल्या, किंवा जुन्या थर्मोस्टॅटवर १२० अथवा २४० व्होल्ट असे छापलेले असले, तर तेथेच थांबावे. भिंतीच्या तळाशी लावलेल्या विद्युत हीटरांच्या खोल्यांत असे थर्मोस्टॅट असतात. त्यांवर घराचा पूर्ण दाब असतो आणि २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट तेथे लावल्यास तो जळतो आणि आग लागण्याचा धोकाही असतो. जुन्या थर्मोस्टॅटच्या आत पाऱ्याची काचनळी दिसली, तर तो कचऱ्यात न टाकता धोकादायक कचरा स्वीकारणाऱ्या स्थानिक केंद्रात द्यावा.

तारा बारीक असतील तर हलवण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र काढावे आणि कोणती तार कोणत्या अक्षराखाली आहे ते लिहून ठेवावे. रंगावर विश्वास ठेवू नये. सामान्यतः ‘आर’ लाल, ‘डब्ल्यू’ पांढरी, ‘वाय’ पिवळी, ‘जी’ हिरवी आणि ‘सी’ निळी असते, पण ही केवळ प्रथा आहे. जोडणाऱ्याच्या हाती जी तार आली ती त्याने वापरलेली असते. अक्षर हेच खरे. प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. सुटली तर टोक सरळ करून, सुमारे एक सेंटिमीटर सोलून, पूर्ण आत ढकलावे. सोललेला तांब्याचा भाग बाहेर उघडा राहिला तर शेजारच्या तारेला टेकू शकतो.

आता ‘आर’कडे पाहावे. पट्टीवर ‘आरसी’ आणि ‘आरएच’ अशी दोन घरे असतील आणि भिंतीतून एकच लाल तार येत असेल, तर ती दोन घरे लहान तारेने जोडलेली असावी लागतात. अनेक नवे थर्मोस्टॅट हे आतल्या आत करतात. भिंतीतून दोन वेगळ्या ‘आर’ तारा येत असतील, तर घरात बहुधा उष्णतेचा एक आणि थंडीचा दुसरा असे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि ती जोडतार काढलेलीच हवी. ती राहिली तर दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांवर येऊन जळू शकतात.

हीट पंप (तापवणे आणि गार करणे ही दोन्ही कामे करणारे एकच यंत्र) असलेल्या घरांत ‘ओ/बी’ ही आणखी एक तार असते. तिची निवड चुकली तर पडदा काळा पडत नाही, पण उष्णता मागितल्यावर गार हवा येते. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत ही तार घर गार करताना चालू होते, तर रीम आणि रूड या कंपन्यांच्या यंत्रांत घर तापवताना. थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये ही निवड बदलता येते, तार हलवावी लागत नाही.

शेवटी भिंतीच्या छिद्रात डोकावावे. केबलच्या बाहेरच्या आवरणाभोवती गुंडाळून ठेवलेली एखादी न वापरलेली तार पुष्कळदा सापडते. सापडली तर निम्मे काम झाले, कारण तीच ‘सी’ होऊ शकते. छिद्रातून थंड हवा येत असेल, तर ते पुट्टीने किंवा चिकणमातीसारख्या सीलंटने बुजवावे, नाहीतर थर्मोस्टॅट खोलीचे नव्हे तर भिंतीच्या पोकळीचे तापमान मोजतो.

फ्यूज आणि मल्टिमीटर

फर्नेसच्या आतल्या नियंत्रण पाटीवर मोटारीत असतो तसा चपटा फ्यूज असतो, बहुधा ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ अँपिअरचा बदामी. ब्रेकर बंद करून तो उपसावा आणि उजेडात धरावा. आतील तार तुटलेली दिसली तर मोटारीच्या सामानाच्या दुकानातून तेवढ्याच अँपिअरचा आणावा. मोठ्या अँपिअरचा घालणे म्हणजे फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जाळणे होय. काही जुन्या यंत्रांत फ्यूजच नसतो, तेथे शॉर्ट झाल्यावर ट्रान्सफॉर्मरच जातो.

पुढचे काम मल्टिमीटरचे, म्हणजे व्होल्ट मोजणाऱ्या लहान उपकरणाचे. स्वस्तातला चालेल, मात्र तो प्रत्यावर्ती (‘V~’ अशा खुणेच्या) व्होल्टवर लावावा. वीज चालू करून भिंतीवरच्या पट्टीवर ‘आर’ आणि ‘सी’ यांच्यामध्ये मोजावे. २४ ते २८ व्होल्ट दिसले तर थर्मोस्टॅटपर्यंत वीज पोहोचते आहे, आणि तरीही पडदा काळा असेल तरच थर्मोस्टॅट बदलण्याचा विचार करावा. शून्य आले तर पुरवठा मध्येच तुटला आहे. तुटला कोठे, हे कळण्यासाठी हेच मोजमाप फर्नेसच्या पाटीवर घ्यावे लागते. त्या वेळी दारामागचा दाबस्विच दाबून धरावा लागतो आणि पाटीशेजारी १२० व्होल्टच्या उघड्या जोडण्या आणि फिरता पंखा असतो. ज्याने असे काम पूर्वी केलेले नाही, त्याने येथे थांबून तंत्रज्ञाला बोलवावे, यात कमीपणा काहीच नाही. ज्याला सवय आहे त्याने पाहावे: पाटीवर २४ व्होल्ट आहेत आणि भिंतीवर नाहीत, तर दोष मधल्या तारेत, फ्लोट स्विचमध्ये किंवा पाटीच्या ‘सी’ला न जोडलेल्या निळ्या तारेत आहे. पाटीवरही शून्य आहे आणि फ्यूज, दार व ब्रेकर ठीक आहेत, तर ट्रान्सफॉर्मर गेलेला असण्याची शक्यता आहे.

भिंतीवर ‘सी’ नसेल तर आणखी एक परीक्षा करता येते. वीज बंद करून थर्मोस्टॅट बाजूला ठेवावा, ‘आर’ आणि ‘जी’ या दोन तारा एका लहान तारेने जोडाव्यात आणि वीज चालू करावी. पंखा फिरू लागला तर ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि या दोन तारा तिन्ही शाबूत आहेत. ‘आर’ आणि ‘सी’ मात्र कधीही एकत्र जोडू नयेत, तो सरळ शॉर्ट आहे.

नवा फ्यूज लावताच उडाला, तर दुसरा लावण्यापूर्वी वीज बंद ठेवून थर्मोस्टॅटकडे आणि बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या सर्व बारीक तारा पाटीवरून सोडवाव्यात आणि कोणती कोठे होती ते टिपून ठेवावे. मग नवा फ्यूज टिकला, तर शॉर्ट तारांत किंवा बाहेरच्या युनिटमध्ये आहे. एकेक तार परत जोडत गेल्यास दोषी तार सापडते. ती ‘वाय’ निघाली तर घराबाहेर जाऊन युनिटजवळची तार पाहावी. गवत कापण्याच्या यंत्राने किंवा खारी-उंदरांनी तिचे आवरण कापलेले असते. सर्व तारा सोडवूनही फ्यूज उडत असेल, तर दोष फर्नेसच्या आत आहे आणि तो घरी दुरुस्त करण्याजोगा नाही.

‘सी’ तार मिळवण्याचे मार्ग

वरील सर्व ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर ‘सी’ आणण्याशिवाय कायमचा उपाय नाही. भिंतीत न वापरलेली तार सापडली असेल, तर तिचे एक टोक थर्मोस्टॅटच्या ‘सी’ला आणि दुसरे फर्नेसच्या पाटीवरील ‘सी’ला जोडावे. दुसरे टोक जोडायचे राहून जाणे ही फार सामान्य गोष्ट आहे, म्हणून दोन्ही टोके स्वतः पाहावीत.

न वापरलेली तार नसेल आणि भिंतीत ‘आर’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’, ‘जी’ अशा चार तारा असतील, तर त्या चार तारांतूनच ‘सी’ची सोय करणारा, फर्नेसच्या पाटीवर बसवायचा जोडसंच वापरावा. काही थर्मोस्टॅटांबरोबर तो पेटीतच येतो, इकोबी कंपनीच्या काही थर्मोस्टॅटांबरोबर मिळणारा तसाच आहे. संच नको असेल तर ‘जी’ची तार दोन्ही टोकांना ‘सी’वर हलवता येते. मग पाटीवर ‘वाय’ आणि ‘जी’ यांना लहान तारेने जोडावे, म्हणजे एसी सुरू होताना पंखाही सुरू होईल. उष्णतेच्या वेळी गॅसचा फर्नेस पंखा स्वतःच चालवतो. यात केवळ पंखा एकटा चालवण्याची सोय जाते. हीट पंप किंवा विद्युत फर्नेस असेल तर हा मार्ग घेऊ नये.

केवळ उष्णतेसाठी दोनच तारा असलेल्या घरांत भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा २४ व्होल्टचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर मिळतो. तो थर्मोस्टॅटच्या पुस्तिकेतील आकृतीप्रमाणेच जोडावा आणि त्याची ‘आर’ बाजू फर्नेसच्या ‘आर’शी एकत्र होऊ देऊ नये. माझी स्वतःची पसंती मात्र नवी केबल ओढण्यालाच आहे. आठ तारांची १८ गेजची घ्यावी, पाच तारांच्या केबलशी तुलना केल्यास किमतीत फार फरक पडत नाही आणि पुढे हीट पंप घेतल्यास पुन्हा भिंत उकरावी लागत नाही. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून फर्नेसच्या बाजूने सावकाश ओढावे. जुनी केबल भिंतीत खिळ्यांनी ठोकलेली असेल तर ती हलणार नाही. जोर लावू नये, तुटली तर आहे तेही हातचे जाईल.

कोठे थांबावे

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटणही न दाबता सर्वांनी घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच ९११ला किंवा गॅस कंपनीला फोन करावा. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा वाजला तरीही हेच करावे. पाटीवर जळल्याचे डाग, वितळलेले आवरण किंवा पाणी दिसले, तर ब्रेकर बंद करून तंत्रज्ञाची वाट पाहावी. बाहेरच्या युनिटचे झाकण उघडू नये. तेथे २४० व्होल्ट असतात आणि वीज तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. अनेक खोल्यांसाठी वेगवेगळ्या झडपा असलेल्या बॉयलरच्या तारा वेगळ्या पद्धतीने जोडलेल्या असतात, वरील सूचना त्यांना जशाच्या तशा लावू नयेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी बॅटरी आणि ब्रेकर यांच्यापलीकडे न जाता इमारतीच्या देखभाल विभागाला लेखी कळवावे.

तंत्रज्ञ आल्यावर त्याला केवळ ‘थर्मोस्टॅट चालत नाही’ असे सांगू नये. बिघाड केव्हा होतो, भिंतीवर ‘आर’ आणि ‘सी’मध्ये किती व्होल्ट आले, फ्यूज कितीदा उडाला आणि तारांचे छायाचित्र, एवढे हाती दिले तर त्याचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात.

दुरुस्तीनंतर उष्णता, पंखा आणि थंडी असे तिन्ही प्रकार प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटे चालवून पाहावेत. बाहेरचे तापमान ६० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर एसीची चाचणी वसंतापर्यंत पुढे ढकलावी, कारण थंडीत कॉम्प्रेसर चालवणे त्याला अपायकारक असते. ज्या थर्मोस्टॅटांच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा व्होल्ट दिसतो, त्यांत तो आठवडाभर रोज पाहावा. ‘सी’ नीट जोडली गेली असेल तर तो आकडा स्थिर राहतो.